जाळं कोणी कापलं?

डिसेंबर लागला की माझ्या न्यू जर्सीतल्या पुतणीची एक ठरलेली तक्रार असते. घरात टीव्हीवर तीच ती नाताळची जुनी कार्टून्स चालू असतात आणि तिची सात वर्षांची लेक ती दर वर्षी पहिल्यांदाच बघतेय अशा तोंडाने बघत बसते. मागच्या डिसेंबरात या लेकीनं आईच्या हातातून फोन घेतला आणि मला थेट विचारलं, "काकाआजोबा, धुकं पडलंच नसतं तर?"

मला काही उलगडा होईना. मग आईनं मागून खुलासा केला. रुडॉल्फ नावाचं एक रेनडिअर असतं. त्याचं नाक लाल, दिव्यासारखं पेटणारं. म्हणून बाकीची रेनडिअर्स त्याला चिडवतात, खेळात घेत नाहीत. एका नाताळच्या रात्री वाट दिसेनाशी होते, सांताक्लॉजची गाडी निघणार कशी असा प्रश्न पडतो, आणि मग या लाल नाकाचाच उजेड कामी येतो. लगेच सगळ्यांना रुडॉल्फ आवडायला लागतो. गोष्ट संपली. पण आमच्या नातीचं समाधान झालं नव्हतं. धुकं पडलं नसतं, तर त्याच्याशी कुणी मैत्री केली असती का?

पोरीनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. "तुमच्या लहानपणी होतं का असं काही टीव्हीवर?" हा तिचा पुढचा प्रश्न. होतं की! फक्त त्याला नाताळ नव्हता, दिवस नव्हता, वेळही नव्हती. दोन कार्यक्रमांच्या मध्ये रिकामी जागा उरली की ते लागायचं. सात मिनिटांचं. त्याचं नाव 'एक अनेक और एकता'.

आज त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी थोडं नाताळाबद्दल, म्हणजे फरक नीट कळेल.

अमेरिकेत टीव्हीवरच्या या नाताळ-कार्टून्सची परंपरा पक्की झाली ती १९६० च्या दशकात. रुडॉल्फचा कार्यक्रम ६ डिसेंबर १९६४ ला एनबीसीवर पहिल्यांदा लागला. पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर १९६५ ला चार्ली ब्राऊनचा नाताळ आला, आणि १८ डिसेंबर १९६६ ला नाताळ चोरायला निघालेला ग्रिंच. गंमत बघा, रुडॉल्फ मुळात जन्मला तो १९३९ साली, माँटगोमेरी वॉर्ड या दुकानाच्या गिऱ्हाइकांना फुकट वाटायच्या पुस्तिकेसाठी. १९४९ मध्ये त्याच्यावर गाणं आलं. टीव्हीवर आला तेव्हा पुरस्कर्ते होते जनरल इलेक्ट्रिक, म्हणजे दिवे विकणारी कंपनी! चार्ली ब्राऊनमागे कोका-कोला होतं. आणि रुडॉल्फच्या बाहुल्या हलवण्याचं सगळं किचकट काम झालं ते टोकियोत, तादाहितो मोचिनागा या जपानी कलावंताच्या स्टुडिओत. म्हणजे दुकानदाराचा कागद, अमेरिकन गाणं आणि जपानी हात. यातून जे निघालं त्यावर तिकडच्या तीन पिढ्या दयाळूपणाचे पहिले धडे शिकल्या. याला मी नावं ठेवत नाही. चांगली गोष्ट कुठल्या दारानं घरात आली याची मुलांना फिकीर नसते.

आपल्याकडे ती सरकारी दारानं आली. आणि बरीच जुनी वाट चालून आली.

मराठी मुलुखात हलत्या चित्रांची खटपट फार लवकर सुरू झाली होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या पडद्यावर नाचवल्या; 'आगकाड्यांची मौज' हे त्या खेळाचं नाव. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनं १९३४ साली 'जंबूकाका' नावाचं कार्टून काढलं, त्यातला नायक चक्क कोल्हा. पुढं मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग उभा राहिला, डिस्ने स्टुडिओतले अनुभवी अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स तिथल्या मुलांना शिकवायला आले आणि १९५७ साली 'द बनियन डिअर' हा चित्रपट तयार झाला. गोष्ट जातकातली. गाभण हरिणीवर मरणाची पाळी येते, तेव्हा कळपाचा राजा तिच्या जागी स्वतःची मान पुढं करतो. हीच न्यग्रोधमृग जातकाची गोष्ट अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात भिंतीवर रंगवलेली आहे. म्हणजे प्राण्यांच्या तोंडून माणसांना शहाणपण सांगायचं, तेही चित्रांतून, ही रीत या मातीत दीड हजार वर्षांची तरी आहेच.

या माळेतला पुढचा मणी म्हणजे १९७४ सालचा 'एक अनेक और एकता'.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बागेत मुलं खेळताहेत. त्यांची दीदी त्यांना 'एक' म्हणजे काय आणि 'अनेक' म्हणजे काय ते सांगते. सूर्य एक, चंद्र एक, तारे अनेक. मग ती चिमण्यांची गोष्ट सांगते. दाणे टिपायला पाखरं उतरतात आणि जाळ्यात अडकतात. सगळी मिळून एकदम जोर लावतात आणि जाळं घेऊनच उडतात. गोष्ट संपल्यावर मुलंही एकमेकांच्या आधारानं झाडावरचे आंबे काढतात, आणि शेवटी विविधतेतल्या एकतेचं गाणं. बस्स, एवढंच.

दिग्दर्शन विजया मुळे यांचं. जन्म १९२१, मुंबई. लग्नानंतर पाटण्याला गेल्या, तिथं फिल्म सोसायटी उभी केली. पुढं फिल्म सोसायट्यांची देशभरची संघटना झाली, तिच्या पायाभरणीत सत्यजित राय यांच्याबरोबर त्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. १९ मे २०१९ ला अक्का गेल्या, तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या. चित्रं आणि अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. हे मूळचे मुलतानचे, फाळणीनं तिकडून उखडलेलं घर. पुढं 'घरौंदा' काढणारे भीमसेन ते हेच. शब्द दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. संगीत आपल्या कुडाळजवळच्या सोनवड्याच्या वसंत देसाईंचं, ज्यांनी 'श्यामची आई'लाही संगीत दिलं होतं. आणि त्यात जो कोवळा आवाज ऐकू येतो तो दाभोळच्या साधना सरगमचा, ती तेव्हा अगदी लहान होती. कोकणातला एक, मुलतानची वाट तुटलेला एक, पाटण्याहून दिल्लीला आलेली एक मराठी बाई. एकतेचा धडा पडद्यावर यायच्या आधी पडद्यामागे गिरवून झाला होता म्हणायचा! चित्रपटाला शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वसंत देसाई मात्र २२ डिसेंबर १९७५ ला मुंबईत लिफ्टच्या अपघातात गेले. आपली चाल देशभरच्या पोरांच्या तोंडी बसलेली त्यांना बघायला मिळाली नाही.

कारण १९७४ मध्ये टीव्ही होता कुठं? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं खरं, पण ते मुंबई-पुण्याकडच्यांसाठी. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला, नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा. अक्का मुळे तेव्हा दिल्लीत शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्र सांभाळत होत्या आणि या प्रयोगातले मुलांचे कार्यक्रम त्यांच्या देखरेखीखाली होत. त्यात कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे होते. यातले विजापूर, गुलबर्गा तर सोलापूरला चिकटून असलेले! हद्दीच्या पलीकडच्या खेड्यात पोरं टीव्ही बघत होती आणि अलीकडे आमच्या माळशिरस तालुक्यात काहीच नव्हतं.

वेळापुरात टीव्ही बघायला मिळाला तो १९८० च्या दशकात. १५ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९८४ च्या सुमारास देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं धडाधड उभी राहिली, आणि आमच्या आळीतल्या एका घराच्या माळवदावर उंच बांबूला बांधलेली अँटेना दिसू लागली. खोलीत घरातली माणसं, उंबऱ्यात बायका, ओट्यावर आणि ओट्याखाली आम्ही पोरं. एरवी आमच्या गावात इतकी वेगवेगळ्या आळ्यांतली माणसं एका जागी बसलेली दिसायची ती आषाढात, माउलींची पालखी मुक्कामाला आली की. टीव्हीनं ती पालखी दर रविवारी आणली.

चिमण्यांचं कार्टून लागलं की आमचा एक आजा हटकून कुरकुरायचा. "चिमण्या अन् उंदरं! पिकाचे वैरी हे, अन् तुम्ही टाळ्या वाजवताय." त्याचंही खरंच होतं. जोंधळा हुरड्यात आला की दिवसभर मचाणावर उभं राहून गोफण फिरवणारा माणूस तो. पण पडद्यावरची पाखरं जाळ्यासकट उडाली की त्याचीही मान वर जायची. मी पाहिलंय.

आता मुद्द्यावर येतो.

तुम्ही कुणालाही विचारा, त्या कार्टूनमध्ये काय होतं? उत्तर येईल, "चिमण्या एकत्र आल्या आणि जाळं घेऊन उडाल्या. एकीचं बळ." बरोबर. पण गोष्ट तिथं संपत नाही. जाळं घेऊन उडालेली पाखरं मोकळी झाली का? नाही. आभाळात गेली तरी ती जाळ्यातच होती. कुठवर उडणार? पंख दमले की जाळ्यासकटच खाली यायचं होतं. त्यांना सोडवलं ते गावाजवळ राहणाऱ्या त्यांच्या उंदीरमित्रांनी. दातांनी जाळं कुरतडून. हा भाग चित्रपटात काही सेकंदांचा आहे, आणि आपण सगळे तो विसरलो आहोत.

मूळ गोष्टीत उलटं आहे. ही कथा पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रातली, आणि त्या तंत्राचं नावच मुळी 'मित्रसंप्राप्ती', म्हणजे मित्र मिळणं. तिथं चिमण्या नाहीत, कबुतरं आहेत, आणि त्यांचा राजा चित्रग्रीव. तो जाळ्यासकट थव्याला घेऊन येतो ते हिरण्यक उंदराकडं, कारण त्यांची दोस्ती आधीपासूनची आहे. हिरण्यक धावत येऊन आधी मित्राचे पाश कुरतडायला लागतो, तर चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या माणसांचे सोडव, माझे शेवटी. जुन्या गोष्टीत थव्याचं उडणं ही नुसती सुरुवात आहे. पुढचा सगळा ग्रंथ मैत्रीवर आहे. हे सगळं बघत असलेला कावळा उंदराला म्हणतो, मलाही तुझ्याशी मैत्री करायची आहे. उंदीर आधी साफ नाही म्हणतो. तू खाणारा, मी तुझं खाणं, आपली कसली दोस्ती? मग बराच वाद होतो आणि दोस्तीही होते. पुढं कासव येतं, हरीण येतं, आणि पुन्हा जाळी कापली जातात.

ही गोष्ट इराणात पहलवी भाषेत गेली, तिथून ८ व्या शतकात अरबीत. अरबीतही तिचं कबुतर तेच, गळ्यात कंठ असलेलं. १० व्या शतकात बसऱ्याच्या विद्वानांच्या एका मंडळानं 'इख्वान अस्-सफा' हे नाव घेतलं, म्हणजे निर्मळ मनाचे बंधू. हे शब्द त्यांनी या कबुतराच्या गोष्टीतून उचलले असं अभ्यासक मानतात. तिकडच्या लोकांना त्यात मैत्री दिसली. आपल्याला १९७४ नंतर एकी दिसली.

त्यालाही कारण आहे. तो काळच तसा होता. संप, आंदोलनं, पुढच्या वर्षी आणीबाणी. नंतर पंजाब, १९८४. 'एकता' हा शब्द भिंतीभिंतीवर रंगवलेला असे. १५ ऑगस्ट १९८८ ला 'मिले सुर मेरा तुम्हारा' आलं तेही त्याच ओढीनं. देश फुटू नये ही धास्ती खरी होती, आणि सरकारला पाखरांचं एकत्र उडणं जास्त गरजेचं वाटलं असेल तर त्यात नवल नाही. पण एकी म्हणजे आपल्यासारख्यांनी आपल्यासारख्यांना धरून राहणं. पाखरांनी पाखरांना. उंदराचं तसं नव्हतं. तो त्या जाळ्यात नव्हता. त्याचं काही अडलं नव्हतं.

याच्याशी जोडलेली शाळेतली एक आठवण सांगतो.

मी तिसरीत असताना आमच्या गुरुजींनी हीच गोष्ट वर्गात सांगितली. सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेली, त्यामुळे आम्ही पुढची वाक्यं आधीच ओरडत होतो. चित्रपटात जाळं टाकणाऱ्याला 'व्याध' म्हटलंय. पण मराठी घरांत ही गोष्ट सांगताना आपण काय म्हणतो? "मग एक पारधी आला." गुरुजी तिथवर आले आणि पोरं ओरडली, "पारधी, पारधी!" वर्गात शेवटच्या रांगेत पालावरून येणारा एक मुलगा बसायचा. फासेपारध्यांचा.

गुरुजी क्षणभर थांबले. म्हणाले, "पारधी नव्हे रे. लोभी माणूस. तो कुठल्याही घरात जन्माला येतो." आणि गोष्ट पुढं गेली. २६ जानेवारीला आम्ही हीच गोष्ट नाटुकलं म्हणून केली, तेव्हा जाळं कापणारा उंदीर त्यांनी त्याच मुलाला केलं. कांद्याच्या गोणीचं जाळं होतं. त्यानं ते इतक्या सफाईनं सोडवलं की सगळे बघतच राहिले. गाठ कशी बसते आणि कशी सुटते हे त्याला घरातूनच ठाऊक होतं ना!

त्या एका शब्दामागं काय आहे ते मला मोठेपणी वाचून समजलं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या नव्या कायद्यानंतर त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही आला. म्हणजे काय, तर विशिष्ट जमातीत जन्म झाला एवढ्यावरून माणूस गुन्हेगार. सोलापुरात तारांच्या कुंपणात त्यांची वसाहत होती, आजही त्या भागाला सेटलमेंट म्हणतात. आत राहायचं, हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींची माणसं त्यात होती. बरेच जण शहरातल्या कापड गिरण्यांत राबत. स्वातंत्र्य आलं १९४७ ला. हा कायदा देशभरातून जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. म्हणून ती तारीख विमुक्त दिन म्हणून पाळतात. पुढं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तित्तर-लावे धरणंही हळूहळू गुन्हा ठरत गेलं. पाखरं वाचायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या हातांना तेवढंच काम शिकवलं होतं त्यांना दुसरं काम द्यायला फार कुणी पुढं आलं नाही, आणि अंगाला चिकटलेला संशय तर कायदा गेल्यावरही गेला नाही.

आमच्या जिल्ह्यात म्हणजे गोष्ट उलटी घडली होती. गोष्टीत जो जाळं टाकतो, तोच इथं जाळ्यात होता.

गुरुजींनी हे सगळं वाचलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. मोठी भाषणं करणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी फक्त एक शब्द बदलला आणि एका पोराला उंदराची भूमिका दिली. धुकं पडलेलं नव्हतं. त्या पोराच्या लाल नाकाची कुणाला गरज नव्हती. तरी त्यांनी त्याला खेळात घेतलं. नातीच्या प्रश्नाचं माझ्याजवळ असलेलं उत्तर एवढंच आहे, आणि ते मी तिला फोनवर जमेल तसं सांगितलंही.

तो मुलगा चौथीत दिसला नाही. उन्हाळ्यात पाल उठलं, माळ मोकळा झाला. आमची शाळा सुरू झाली, पुन्हा २६ जानेवारी आली, आम्ही एकतेचं गाणं पुन्हा खड्या आवाजात म्हटलं. आणि त्या वर्षी उंदीर दुसराच कुणीतरी झाला. त्याला गोणीची गाठ सुटेना, शेवटी गुरुजींनीच पुढं येऊन सोडवली.

असो. तो चित्रपट आता यूट्यूबवर केव्हाही बघता येतो. आपल्या वयाची मंडळी तो लावतात, डोळे पुसतात आणि "काय दिवस होते!" म्हणतात. जरूर म्हणावं. पण पोरांना दाखवताना पाखरं उडाल्यावर टाळ्या वाजवून थांबू नका. आणखी थोडं पुढं जाऊ द्या, उंदीर येईपर्यंत. आणि गोष्ट तोंडी सांगत असाल तर त्या एका शब्दाच्या जागी 'लोभी माणूस' म्हणा. पोरांना गोष्ट तेवढीच आवडते, मी माझ्या घरात करून पाहिलंय.

तुमच्यापैकी कुणाला हे कार्टून आठवत असेल, विशेषतः आमच्या घरच्या मंडळींना, तर जरूर कळवा. आणि एक सांगा, उंदीर आठवत होते का? :)